‘घरबसल्या एका वर्षात बी.एड.’: मेसेज पुढे पाठवण्याआधी हे तपासा

पदवीधरांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. शब्द बदलतात, दावे तेच असतात: नियमित बी.एड.ची आता गरज नाही, कोणत्याही पदवीधराला घरबसल्या एका वर्षात बी.एड. करता येतं, डी.एड. झालेल्याला तेही नको, आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) काढली की नववी-दहावीवर नेमणूक पक्की. प्रत्येक दाव्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच तो पटतो. वेगळ्या वाटा खरंच आहेत. पण प्रत्येक वाट ठरावीक उमेदवारासाठी आखलेली आहे. तुम्ही तिच्यात बसता की नाही हे प्रवेशाच्या वेळीच ठरलेलं असतं. अनेकांना ते कळतं कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर, तोवर फी आणि दोन-तीन वर्षं गेलेली असतात.

‘बी.एड. आता एका वर्षाचं झालं’

पूर्वी ते एक वर्षाचंच होतं, आणि तेव्हा मान्यताप्राप्त महाविद्यालयातून केलेलं बी.एड. आजही चालतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमावलीमुळे २०१५-१६ पासून ते दोन वर्षांचं झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वर्षाच्या बी.एड.चा उल्लेख जरूर आहे, पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी. नुसतं तीन वर्षांचं बीए, बीकॉम, बीएस्सी केलेला उमेदवार त्यात येतच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने या धर्तीवर नव्या नियमावलीचा मसुदा जाहीर केला आणि मेसेजला नवी पालवी फुटली. मसुद्याचं कात्रण दाखवून कोणी प्रवेश देत असेल, तर पैसे भरू नका.

‘घरबसल्या होतं’

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. मुक्त आणि दूरशिक्षणातून बी.एड. आहे. इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही त्यासाठीची ओळखीची नावं. मात्र २०१४ च्या नियमावलीप्रमाणे तिथे दोघांनाच वाव आहे: प्राथमिक स्तरावर सेवेत असलेले प्रशिक्षित शिक्षक, किंवा एनसीटीई-मान्य अध्यापक अभ्यासक्रम नियमित वर्गात बसून पूर्ण केलेले उमेदवार. नुसता पदवीधर, मग त्याला ७५ टक्के का असेनात, या दोन्हींत मोडत नाही.

जे पात्र आहेत त्यांचंही घरबसल्या होत नाही. संपर्क वर्ग असतात, कार्यशाळा असतात, शाळेतलं काम असतं. नियमित बी.एड.मध्ये शालेय आंतरवासिता (इंटर्नशिप) एकूण २० आठवड्यांची आहे, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षात. उपस्थिती वर्गात ८० टक्के, आंतरवासितेत ९० टक्के लागते. पाठ टाचण काढायचं, वर्गात पाठ घ्यायचा, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकाने निरीक्षण वहीत लिहिलेले शेरे वाचायचे आणि पुढचा पाठ सुधारायचा. फळ्यावरचं लेखन, प्रश्न विचारण्याची पद्धत, वेळेचं गणित हे सगळं इथेच हाताला लागतं. ‘शाळेत जायची गरज नाही, सही-शिक्का आम्ही बघतो’ असं सांगणारा माणूस तुमच्याकडून खोटा दाखला तयार करून घेतो आहे, आणि पकडलं गेलं तर नाव तुमचं असणार.

‘कोणतीही पदवी चालते’

पदवीला किंवा पदव्युत्तरला, दोन्हींपैकी एकीला, किमान ५० टक्के हवेत. म्हणजे बीएला ४६ आणि एमएला ५५ असतील तर दार बंद नाही. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. विज्ञान-गणितातलं विशेषीकरण असलेल्या अभियांत्रिकी पदवीला ५५ टक्क्यांची अट आहे. खरी अडचण पुढे येते. भरतीच्या जाहिराती विषय, माध्यम आणि प्रवर्गानुसार निघतात. पदवीचा विषय आणि बी.एड.ची अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवण्यासाठी निवडलेला विषय, जुळली नाही, तर गुण कितीही असोत, पसंतीक्रम भरताना ती जागा तुम्हाला दिसणारच नाही. पद्धती निवडताना मैत्रिणीने काय घेतलं हे पाहू नका, स्वतःची गुणपत्रिका समोर ठेवा.

‘डी.एड. पुरतं’

नववी-दहावीसाठी पुरत नाही, तिथे बी.एड. लागतंच. पण नियमित डी.एल.एड. (डी.एड.चं नवं नाव) वाया जात नाही, कारण दूरशिक्षणाच्या बी.एड.चा दरवाजा त्यानेच उघडतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता राहिलेली नाही.

‘टीईटी म्हणजे नोकरी’

टीईटी पहिली ते आठवीसाठी आहे आणि ती फक्त पात्रता आहे. महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक जागेसाठी टेट, म्हणजे २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि मग पवित्र पोर्टल, म्हणजे शासनाचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ, असा रस्ता आहे. नावं सारखी वाटतात म्हणून एकीच्या भरवशावर दुसरीचा अर्ज राहून जातो. तरीही टीईटीचा पेपर दोन काढून ठेवा, सहावी ते आठवीच्या जागा त्याशिवाय मिळत नाहीत.

मेसेजमध्ये जे मुळीच नसतं ते असं: बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम (आयटीईपी) २०२३-२४ पासून सुरू आहे, प्रवेश एनसीईटी परीक्षेतून होतो. तीन अधिक दोन अशा पाच वर्षांच्या जागी चार लागतात. एक वर्ष वाचवायचं असेल तर सरळ मार्ग हाच, पण तो पदवीनंतर नाही, बारावीनंतर निवडावा लागतो. पदव्युत्तरला ५५ टक्के असतील तर तीन वर्षांचं एकात्मिक बी.एड.-एम.एड.सुद्धा नियमावलीत आहे.

कुठलीही वाट धरा, फी भरण्याआधी संस्थेकडून एनसीटीईचा मान्यता आदेश मागून घ्या. त्यात अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशक्षमता पाहा, आणि तो नंतर रद्द झालेला नाही याची परिषदेच्या संकेतस्थळावर खात्री करा. मान्यता काढून घेतल्याचा आदेश लागू झाल्यावर संस्थेने चालवलेल्या अभ्यासक्रमाची पदवी शासकीय किंवा अनुदानित शाळेतल्या नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. १९९३ च्या एनसीटीई कायद्याच्या कलम १७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.