पाऊण टनाचा बैल

बैल पाहून गाडी करावी, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी सांगावे लागत नाही. मी मात्र गाडी आधी पसंत करून मग बैल शोधायला निघालो. टेक्सासमध्ये तीस वर्षे नोकरी केल्यावर आता अमेरिका निवांत पाहायची, असे आम्हा उभयतांचे ठरले होते, आणि त्यासाठी पत्नीने निवडलेला ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचे चाकांवरचे घर, ‘फिफ्थ व्हील’ जातीचा होता. निवडीचे कारण एवढेच, की त्यातला ओटा आमच्या घरच्या ओट्यापेक्षा लांब होता. हा ट्रेलर गाडीच्या शेपटाला अडकवत नाहीत. त्याच्या नाकाखालची जाड लोखंडी खुंटी, म्हणजे किंगपिन, पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसवलेल्या ‘हिच’ नावाच्या जोडणीत अडकते. म्हणजे घराचा पुढचा भाग चक्क ट्रकच्या पाठीवर बसतो. हे बसणे किती पौंडांचे, या प्रश्नाने पुढे दोन महिने माझी झोप उडवली.

इकडे पिकअपला अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशी नावे आहेत. त्यांचा वजनाशी असलेला संबंध केव्हाच सुटला आहे, पण नावे टिकून आहेत. आपल्याकडे पाटीलकी गेली तरी पाटील राहिले तसे. विक्रेत्याने आम्हाला पाऊण टनाचा डिझेल ट्रक दाखवला आणि तो डोंगरसुद्धा ओढील, असे छातीठोकपणे सांगितले. मी चष्मा काढला, चालकाच्या दाराशी उकिडवा बसलो आणि दाराच्या खांबावर चिकटवलेली पिवळ्या-पांढऱ्या रंगाची चिठ्ठी वाचू लागलो. माणसे आणि सामान मिळून २,२५० पौंडांहून अधिक भार कधीही घालू नये, असे तिच्यावर स्पष्ट लिहिले होते. ट्रकचे भारासह कमाल वजन १०,००० पौंड आणि त्याचे स्वतःचे ७,७५०. गंमत अशी, की पेट्रोलचे इंजिन घेतले असते तर ट्रक काही शे पौंडांनी हलका होऊन तेवढाच भार जास्त घेऊ शकला असता. ज्या दांडग्या डिझेलचे कौतुक चालले होते, तेच पाठीवरची जागा खाऊन बसले होते, आणि उरलेली जागा छताच्या काचेने व चामडी खुर्च्यांनी कुरतडली होती.

विक्रेत्याने ट्रेलरच्या माहितीपत्रकावर बोट ठेवून पिनवरचा भार अवघा २,०५० पौंड असल्याचे दाखवून दिले. तो आकडा खरा होता, फक्त तो रिकाम्या ट्रेलरचा होता. आमच्या ट्रेलरचे भरल्यावरचे कमाल वजन १४,००० पौंड, आणि फिफ्थ व्हीलमध्ये त्याचा पाचवा हिस्सा तरी पिनवर येतो असे धरायचे. म्हणजे २,८०० पौंड. साडेपाचशेची तूट आली, आणि अजून हिच बसवायचे होते, मी गाडीत चढायचा होतो, आणि पत्नीही. तिचे वजन हा विषय आमच्या घरात गेली कित्येक वर्षे मांडलेला नाही.

त्या रात्री सांगलीकडे शेती करणाऱ्या दादाला फोनवर हे सारे ऐकवले. विक्रेत्याला तासाभरात जे उमगले नाही, किंवा उमगूनही सोयीचे नव्हते, ते दादाने ऐकता ऐकताच सांगितले. “आरं, वढणं निराळं आणि मानंवर घेणं निराळं. उसाची गाडी बैल वढतोय, पण पुढं जास्त भरलीस तर जू मानंत रुततंय. आणि मागं भरलीस तर गाडी उलाळतीया. तुझा बैल वढणारा हाय, त्याची मान बारीक हाय.” इथल्या कागदावर ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि मानेचा दाराआड का लिहितात, हे मला त्यानंतर कळले.

अखेर एक टनाचा, मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असलेला ट्रक घेतला. त्याच्या चिठ्ठीवर ५,३०० पौंड होते. तो आमच्या गराजमध्ये मावत नाही आणि किराणा दुकानासमोर दोन गाड्यांची जागा अडवतो, ते असो. सामान भरताना पत्नीने लोखंडी तवे, कुकर आणि लोणच्याच्या बरण्या ट्रेलरच्या अगदी पुढच्या कपाटात लावल्या, कारण तिथे ‘हाताशी’ होते. ते कपाट नेमके पिनच्या वर येते, हे मी सांगितले. तिने ऐकूनही घेतले.

पहिल्याच मुक्कामाआधी ट्रक थांब्यावरच्या काट्यावर वजन केले. आधी नुसता ट्रक, मग ट्रेलर जोडून. काट्यावरच्या माणसाशी बोलायचे बटण मालट्रकवाल्यांच्या उंचीला असल्याने मला फूटबोर्डवर उभे राहून ते दाबावे लागले. दोन्ही पावत्यांवरच्या, ट्रकच्या चाकांवर आलेल्या वजनांची वजाबाकी केली तेव्हा पिनवर २,९६० पौंड निघाले. बरण्यांनी आपले काम केले होते. तरीही मी विजयी स्वरात हिशेब वाचून दाखवला. ५,३०० मधून पिनचे २,९६० गेले, हिचचे १५० गेले, आपण दोघे गेलो, तरी १,८४० पौंड शिल्लक!

पत्नीने सारी हयात हिशेबनीस म्हणून काढली आहे. तिने पावतीच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीने काहीतरी मांडले.

“अहो, दोघांचे मिळून साडेतीनशे धरलेत. तुमचे एकशे पंच्याऐंशी. मग माझे किती धरलेत तुम्ही?”

मी डिझेल भरून घेतो असे म्हणून खाली उतरलो. टाकी तासाभरापूर्वीच भरली होती.