यंत्र थंड जागी हलवावे

पुण्यात प्रत्येक घराला एक कुलदैवत असतं आणि हिंजवडीत एक भाचा असतो. संकट आलं की दोघांची आठवण होते, आणि दोघांपर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. कुलदैवत निदान "मावशी, पंधरा मिनिटांचं काम आहे" असं म्हणत नाही.

आमचा लॅपटॉप २०११ च्या दिवाळीतला. २ जीबी रॅम, ३२० जीबीची डिस्क, विंडोज ७. बॅटरी कधीच निवर्तली, त्यामुळे चार्जरची पिन जरा हलली की यंत्र डोळे मिटतं. म्हणायला मांडीवर घ्यायची वस्तू, पण आमच्याकडे ती हॉलमधल्या प्लगला दावणीला बांधलेली. टाकून का देत नाही, हे आमच्या यांना विचारा. "चालतोय की!" यांच्या लेखी दिवा लागला म्हणजे वस्तू चालते.

विंडोज ७ ला कंपनीनं १४ जानेवारी २०२० लाच राम राम केला होता. २०२३ च्या फेब्रुवारीत क्रोमनंही हात वर केले. तरी आमचं निभत होतं. मग एकेक साइट उघडेनाशी झाली, आणि ज्या दिवशी बँकेनं तोंडावर दार लावलं त्या दिवशी मी भाच्याला फोन लावला.

"विंडोज ११ विसर मावशी. त्याला ४ जीबी रॅम लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते."

यांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला. बहुतेक चिप खाली चिकटवलेली असेल असं वाटलं असावं.

"विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाक. एक्सएफसीईवाली हलकी आवृत्ती. २ जीबीत भागतं. आणि फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर यांनी पेपर खाली ठेवला. भाचा रंगात आला होता. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं २१ व्या वर्षी हे सुरू केलं, वगैरे. फोन स्पीकरवर होता. दिवाणावरून सासूबाईंनी विचारलं, "आणि तू काय केलंस रे एकविसाव्या वर्षी?" त्यानंतर भाचा मुद्द्याचं बोलला.

आमच्याकडे जपण्यासारखं काय होतं? फोटो, सोसायटीचे हिशोब आणि सासूबाईंच्या पदार्थांची फाइल. २०१२ मध्ये त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. ८६ पदार्थ. भाचा एका रविवारी येऊन सगळं स्वतःच्या डिस्कवर घेऊन गेला. "आता बिनधास्त पूस."

मिंटची फाइल उतरवली, अडीच-तीन जीबीची. ती पेनड्राइव्हवर कॉपी केली, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि वाट पाहिली. काही नाही. जुनं विंडोज आपलं हसतमुखानं हजर.

"मावशी, नुसती कॉपी करून चालत नाही गं. ती लिहावी लागते." म्हणजे मी पोह्यांचा पुडा ताटात ठेवून पाहुण्यांना "घ्या" म्हणत होते. मग लेकीचा लॅपटॉप उसना घेतला (अट : चहाचा कप तीन फूट लांब), त्यावर रुफस नावाचा प्रोग्रॅम घेतला आणि रीतसर लिहिली. त्यात पेनड्राइव्हची मांडणी जीपीटी की एमबीआर असा प्रश्न आला. जीपीटी नाव ओळखीचं वाटलं म्हणून तेच निवडलं. ते वेगळं जीपीटी, हे नंतर कळलं. जुन्या पद्धतीनं, म्हणजे बायॉसवर, सुरू होणाऱ्या यंत्राला एमबीआर लागतं. आणखी एक संध्याकाळ गेली.

मधे बूट मेनूचाही, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीचा, एक अध्याय झाला. यंत्र चालू केल्यावर जेमतेम दोन सेकंद मिळतात, त्यात योग्य बटण दाबायचं. एफ२, एफ१२, एस्केप, डिलीट, यातलं कुठलं ते कंपनीगणिक वेगळं. मी डाव्या हातानं एफ२ आणि उजव्या हातानं एफ१२ बडवत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पेटी शिकतेस का?"

अखेर मेनू आला, मिंटची हिरवी खूण आली, "डिस्क पुसून बसवा"वर मी होकार दिला. पट्टी अर्ध्यावर गेली आणि पंखा थांबला. दिवा गेला. फ्रिजही गप्प झाला.

गुरुवार होता.

पुण्यात राहून गुरुवारी हे काम काढणाऱ्या बाईची कीव करायला कोणी येत नाही. सकाळीच मोबाइलवर वीज जाणार असल्याचा मेसेज आला होता, तो मी वाचला होता आणि "आपल्या भागात नसेल" असं स्वतःला समजावलं होतं. दुपारी तीनला वीज आली तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एवढंच होतं, की ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही. सापडेल कशी? मीच पुसली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पट्टी पाऊण सरकली आणि एक भली मोठी खिडकी उघडली. एरनो ५. इनपुट-आउटपुट एरर. इथवर ठीक होतं, मशीनं अशीच बोलतात. पण खाली समजुतीच्या सुरात आणखी मजकूर होता. सीडी खराब असू शकेल, ती पुसून पाहा. सीडी कमी वेगानं लिहून पाहा. ड्राइव्हची लेन्स साफ करा. हार्ड डिस्क जुनी होऊन बदलायला आली आहे का ते पाहा. आणि शेवटी : यंत्र एखाद्या थंड जागी हलवून पाहा.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, पारा चाळिशीला टेकलेला, आणि हे यंत्र मला हवापालटाचा सल्ला देत होतं. बाहेर सगळं पुणे तोच विचार करत होतं.

आमचे हे सूचना शब्दशः पाळणारे. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. आम्ही सीडी वापरतच नव्हतो, तरी यांनी आधी लेन्स साफ करायला घेतली. ट्रे उघडला तर आत भाच्याच्या मुंजीची सीडी. ती हरवली म्हणून माझ्या बहिणीनं फोटोग्राफरशी कायमचं वाकडं घेतलं आहे. ती बाजूला ठेवून हे थंड जागेच्या शोधात घरभर फिरले आणि देवघराखालच्या कोट्याच्या फरशीवर थांबले. यंत्र तिथे विराजमान झालं. एक्स्टेंशनची वायर हॉलमधून आली, शेजारी माठ सरकवला, सासूबाईंचा जुना पंचा ओला करून भोवती ठेवला. येता-जाता नमस्कार करावा असं ते दृश्य होतं. कामवाल्या मावशींनी खरंच केला.

पुन्हा एरनो ५.

"चेकसम बघितला का?" भाचा म्हणाला. उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे पाहायचं असतं. मिंटच्या साइटवर ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते आणि आपल्या फाइलची तशीच ओळ काढून ती अक्षर न् अक्षर जुळवायची. हे काम यंत्राकडूनही करून घेता येतं, पण ते भाच्यानं नंतर सांगितलं. आम्ही पारायणासारखं केलं. हे वाचणार, मी पडताळणार.

"सात. तीन. ए, आळंदीचा. शून्य. एफ, फलटणचा."

"फलटण पीनं सुरू होतं."

"फलटण पीनं? फ-ल-टण!"

"स्टेशनच्या पाटीवर बघा."

"मग एफ, फर्ग्युसनचा. पुढे. ई, इंदापूरचा."

"इंदापूर आयनं."

"मग एरंडवण्याचा! तुला ऐकायचंय की शिकवायचंय?"

त्या ओळीत एफच्या पुढचं अक्षरच येत नाही, म्हणजे पी आणि आय असणं शक्यच नव्हतं, हे मला मधेच उमगलं. पण तोवर आमचा जिल्हा ओलांडून झाला होता आणि सातारा-सोलापूर सुरू होतं. ६४ अक्षरांना चाळीस मिनिटं लागली. सगळी जुळली. फाइल निर्दोष.

मग दोषी कोण? पंधरा वर्षांची डिस्क. खुद्द यंत्रानंच संशय घेतला होता. यांचा चेहरा उतरला, कारण आता खर्च होता. मेट्रोनं सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरलो आणि तपकीर गल्लीत शिरलो. विजेच्या माळांपासून मिक्सरच्या कपलरपर्यंत जे काही तुटू शकतं ते तिथे मिळतं. दुकानदारानं आमची डिस्क हातात घेतली, कानाशी धरून हलवली, आणि खरबुजाबद्दल सांगावं तसं म्हणाला, "गेली नाही, पण जाईल." यांना हे वाक्य फार आवडलं. २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, घेतला.

घरी येऊन यांनी लॅपटॉप खोलला. श्रीखंडाच्या डब्यात स्क्रू काढले, एसएसडी बसवला, स्क्रू लावले. एक उरला. यांनी तो डब्यात परत टाकला आणि डबा माझ्या नजरेआड केला.

पेनड्राइव्ह लावला. पट्टी निघाली. पाऊण. एरनो ५.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दिवाणावरून प्रश्न आला, "ती बोटाएवढी कांडी कुठली रे तुमची?"

ती कांडी यांना निवृत्तीच्या वेळी एका गुंतवणूक मार्गदर्शन शिबिरात मिळाली होती. फुकट. डिस्क बदलली, जागा बदलली, देवघर ओलं केलं, आणि हरप्रकारे दोष शोधताना एकानंही त्या कांडीकडे पाहिलं नव्हतं. लेकीचा धड पेनड्राइव्ह मागून आणला, त्यावर लिहिलं, आणि मिंट बसलं. किती वेळात? भाच्याला सांगू नका, पण पंधराच्या जवळपास.

वायफाय चालेना. त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवरून घ्यायचा होता आणि इंटरनेट वायफायवरून. त्यात फार वेळ घालवला नाही, मोबाइल केबलनं जोडला आणि तो पेच सुटला. बँक उघडली. यांनी शिल्लक पाहिली, एसएसडीचे पैसे गेलेले पाहिले आणि विचारलं, "म्हणजे जुनी डिस्क चांगलीच होती?" ती आता श्रीखंडाच्या डब्यात आहे. कांडीही. "गाणी ठेवायला होईल."

भाच्यानं फाइली परत आणल्या. मी मोठ्या हौसेनं सासूबाईंची फाइल उघडली. पहिल्या पानावर मुकुट घातलेले ए, शेपटीवाले सी, डोक्यावर दोन-दोन टिंबं घेतलेले ओ, मधे एखादा पौंडाचा शिक्का. ८६ पदार्थ, सगळे असेच. भाच्यानं डोकं खाजवलं. जुना मराठी फॉन्ट होता, कुठल्याही यंत्रावर वाचता येणारा युनिकोड नव्हता. फाइली त्यानं नेल्या होत्या. फॉन्ट विंडोजच्या पोटात राहिला होता, आणि ते पोट मी "बिनधास्त" पुसलं होतं.

"शोधून देतो मावशी. पंधरा मिनिटांचं—"

"दाखव बघू," सासूबाई म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी ते पान नीट पाहिलं. खालपर्यंत. "यातला गोडा मसाला कुठला?"

"हा असावा, आई."

"एवढं कशाला करत बसलात महिनाभर? मी आहे ना इथे. वही घे." त्यांनी चष्मा काढला. "धणे अर्धा किलो. आणि ते मशीन बंद कर आधी, तापलंय."