शेजारच्या शाळेशी सहकार्य करताना घ्यावयाची खबरदारी

आपण पुण्यातील एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक असाल किंवा संस्थेच्या कार्यकारिणीवरील मान्यवर असाल, तर परिसरातील शाळांनी एकत्र यावे, एकमेकांचे अध्यापन पाहावे आणि साधने वाटून घ्यावीत, अशा आशयाचे एखादे परिपत्रक आपल्या टेबलावरून केव्हातरी गेलेच असेल. घाबरून जाण्याचे कारण नाही. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात शाळा संकुलाची हीच कल्पना मांडली होती आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा मांडताना, मधल्या काळात ती अमलात आली नाही, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. ज्यांनी ती 54 वर्षे थोपवून धरली त्यांचे आपण वारस आहात. थोडी शिस्त पाळली, तर पुढची 54 वर्षेही अशीच सुखाने जातील.

धोरणाने एका माध्यमिक शाळेभोवती पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील अंगणवाड्या आणि खालच्या वर्गांच्या शाळा जोडण्याचे सुचवले आहे. कोथरूडच्या शिक्षकाने हडपसरला जाऊन तास पाहू नये याची व्यवस्था शहराची वाहतूक परस्पर करते, त्यात आपण लक्ष घालण्याची गरज नाही. खरा धोका पेठांत आहे. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतील शाळा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की एकीची मधल्या सुट्टीची घंटा दुसरीच्या वर्गात ऐकू येते. इतक्या जवळच्या माणसाला दूर ठेवायचे, तर त्यासाठी यंत्रणाच उभारावी लागते.

या यंत्रणेचा पाया म्हणजे संयुक्त बैठक. बैठकीला विषय असावा, पण तो शिकवण्याचा नसावा. कोणत्या संस्थेच्या अध्यक्षांनी कुठे बसावे, हा विषय पुण्यात सहज दोन बैठका पुरतो, कारण स्थापनावर्ष ही येथील संस्थांची खरी दौलत आहे. न्यू इंग्लिश स्कूल 1880 चे, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, असे दाखले ज्या शहरात मुलांनाही पाठ असतात, तेथे शतकोत्तर संस्थेने पन्नाशीतील संस्थेकडून भूमिती शिकवण्याची युक्ती विचारावी, ही अपेक्षाच औचित्याला सोडून आहे. महापालिकेच्या शाळेतील प्रतिनिधी आले असल्यास त्यांना दाराजवळची खुर्ची द्यावी. त्यांना लवकर परत जाऊन कोणती तरी लिंक भरायची असतेच. मुलींच्या शिक्षणाचा आरंभ 1848 मध्ये भिडे वाड्यात झाला, हा उल्लेख प्रास्ताविकात अवश्य करावा आणि पुढच्या वाक्याला चहा मागवावा.

त्यानंतर सामंजस्य करार करावा. करारात 'अध्ययन निष्पत्ती', 'सर्वांगीण' आणि 'उपक्रमशील' हे शब्द असले म्हणजे पुरे. कोणत्या शिक्षकाने कोणत्या वारी कोणत्या तासाला कोणाच्या वर्गात बसायचे, हे मात्र चुकूनही लिहू नये. करारावर सही करतानाचे छायाचित्र फ्लेक्सवर छापून प्रवेशद्वारावर लावावे. प्रवेशाच्या हंगामात हा फ्लेक्स पालकांना दिसतो आणि सहकार्याचे जे फळ अपेक्षित होते, ते तेथेच हाती येते.

आता मूळ धोक्याकडे वळू. दुसऱ्या शाळेतील शिक्षक आपल्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसला, तर काय घडू शकते, याची आपल्याला बहुधा कल्पना नाही. तिसरीच्या वर्गातील एक मुलगी 52 मधून 27 वजा करते आणि उत्तर 35 लिहिते. आपल्या शाळेत अशा उत्तरावर लाल फुली पडते, 'हातचा विसरलीस' असा शेरा मिळतो आणि विषय तेथेच संपतो. शेजारच्या शाळेतील बाई मात्र फुली न मारता मुलीला विचारतात, "बावन्न रुपये होते, सत्तावीस खर्च झाले आणि पस्तीस उरले म्हणतेस, मग हे दोन्ही मिळून किती झाले?" मुलगी बेरीज करते, 62 येतात, आणि जास्तीचे दहा रुपये आले कोठून, या शंकेने तीच आधी अस्वस्थ होते. मग बाई काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवतात, दोनातून सात काढता येत नाहीत हे तिला स्वतःलाच अडू देतात, आणि एका गठ्ठ्याचे रबर काढण्याचे ती आपणहून सुचवेपर्यंत गप्प राहतात. मुलगी विसरली काहीच नव्हती. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा तिचा स्वतःचा नियम होता आणि तो तिने चोख पाळला होता. हे मागच्या बाकावरून पाहणाऱ्या आपल्या शिक्षकाला आपल्या सगळ्या लाल फुल्या आठवू लागल्या, तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

जपानमध्ये तर या प्रकाराला प्रतिष्ठा आहे. तेथील शिक्षक एखादा पाठ मिळून आखतात, त्यांच्यातला एक तो वर्गात शिकवतो आणि बाकीचे शिक्षकाकडे नव्हे, तर मुलांकडे पाहत टिपणे घेतात; नंतर सगळे बसून मुले कोठे अडली, यावर चर्चा करतात. आपल्याकडे यावर उतारा तयार आहे. तासाला पाहुणा आला की त्याला निरीक्षण म्हणावे. निरीक्षण म्हटले की शिक्षक टाचणवही काढतो, फळ्यावर तारीख टाकतो, हुशार मुलांना पुढच्या बाकावर आणतो आणि आदल्या दिवशी शिकवलेला धडाच पुन्हा शिकवतो. अशा तासातून कोणालाही काही शिकता येत नाही, हे अनुभवसिद्ध आहे.

एका सरकारी शाळेची एका खासगी शाळेशी जोडी जमवण्याची सूचनाही नव्या धोरणात आहे. ती सूचना आनंदाने स्वीकारावी, फक्त दिशा सांभाळावी. खासगी शाळेने जुने संगणक द्यावेत आणि महापालिकेच्या शाळेने आभार द्यावेत, ही झाली योग्य दिशा. उलट दिशेने काही येऊ देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याखालील 25 टक्के जागांवर आलेले मूल आपल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात महिनोन्महिने गप्प बसून राहते, त्याच्या घरी इंग्रजी सोडाच, पुस्तकी मराठीही कोणी बोलत नाही, आणि अशा चाळीस मुलांना बोलते करण्यात ज्यांची हयात गेली त्या बाई दोन गल्ल्या पलीकडे महापालिकेच्या शाळेत आहेत, हे सगळे खरे असले, तरी त्यांना बोलावून विचारणे म्हणजे मदत घेणे होय. करारात आपण मदत करणारे आहोत.

प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मैदान वाटून घेण्याबाबत फार लिहित नाही, कारण किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बाहेर, ही पद्धत सर्वत्र उत्तम चालू आहे.

कोणी फारच आग्रह धरला, तर परिसंवाद ठेवावा. शिकवण्याविषयी बोलायला पुणेकराला वर्गात जावे लागत नाही, हे आपल्या बाजूने आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 मध्ये 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा या शहरात मत नसलेला माणूस सापडणे कठीण होते. दुसरीच्या वर्गात जाऊन मुले एकवीस कसे वाचतात, हे ऐकून आलेला माणूस सापडणे त्याहून कठीण होते. (मतही तावातावाने मांडले जात होते, हे वेगळे सांगायला नको.)

एवढी काळजी घेऊनही एक भगदाड राहतेच. आपल्या शाळेतील गणिताच्या बाई आणि शेजारच्या शाळेतील ते सर मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर भेटतात. ना करार, ना फ्लेक्स, ना जिओ-टॅग केलेले छायाचित्र. बाई कागदाच्या पट्टीला घड्या घालून एक चतुर्थांश हा एक तृतीयांशाहून लहान कसा, ते दाखवतात. सर ती पट्टी खिशात घालून नेतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात की पाचवी ब मध्ये तीन घड्या समान पडेनात, तेव्हा त्यांनी पट्टी आधी मोजूनच 12 सेंटीमीटरची घेतली. बाई आता 12 सेंटीमीटरचीच पट्टी वापरतात. हे सहकार्य कोणत्याही नोंदीत नाही आणि म्हणूनच ते वाढते.

अशा वेळी काही मुख्याध्यापक नोटीस काढतात. ते कच्चे. नोटिशीने माणूस हट्टाला पेटतो. आपण बाईंना कार्यालयात बोलवावे, त्यांच्या उपक्रमशीलतेचे मनापासून कौतुक करावे, शाल आणि श्रीफळ द्यावे, आणि त्यांची आंतरशालेय शैक्षणिक देवाणघेवाण समन्वयक म्हणून नेमणूक करावी. समन्वयकाला दरमहा अहवाल पाठवावा लागतो, प्रत्येक शाळेची माहिती स्वतंत्र तक्त्यात भरावी लागते आणि ती सगळी माहिती मधल्या सुट्टीतच मागवता येते.