बाकी मी देखी लेसु

आमचा ऑर्केस्ट्रा पाच जणांचा. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड म्हणजे काडीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, गाणाऱ्या एक ताई आणि मी. दिवसा जळगावात विम्याचे फॉर्म भरतो, रात्री गातो. अमळनेरपासून शहाद्यापर्यंत एवढी स्टेजं पालथी घातली की आता भीती दोनच गोष्टींची उरलीय, सर्दीची आणि साउंडवाल्याची. सर्दीवर निदान सुंठ तरी आहे.

गेल्या जानेवारीत यावल तालुक्यातल्या एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा होता. आधी गाणी, मग भरीत-पुरी. साडेसातचा कार्यक्रम म्हणून आम्ही सहालाच हजर. साउंडवाला सव्वासातला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला. वय बावीस-तेवीस, गळ्यात हेडफोन. हे हेडफोन रात्रभर गळ्यातच राहिले, कानाला एकदाही लागले नाहीत. ट्रॉलीतून त्याने कपाटाएवढे चार बेस उतरवले, वर दोन स्पीकर, आणि खिशातून काढावेत तसे दोन माइक.

"भाऊ, माणसं पाच आहेत," मी म्हटलं.

"ऑर्केस्ट्रा शे ना? मले वाटनं डीजेवर ऑर्केस्ट्राना गाना लावना शे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "टेन्शन लेऊ नका. तुमी गानं म्हना, बाकी मी देखी लेसु."

खान्देशात हे वाक्य ऐकलं की समजावं, आज आपलं काही खरं नाही.

स्पीकर त्याने आमच्या पाठीमागे लावले, कारण पुढच्या जागेत ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टर काढता येतो ही गोष्ट त्याला सुचवावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. माइकचं तोंड स्पीकरसमोर आलं की माइक आपलाच आवाज ऐकतो, स्पीकरला सांगतो, स्पीकर तोच आवाज मोठा करून परत माइकला ऐकवतो, आणि दोघांची चहाडी वाढत वाढत शेवटी शिट्टी होते. सासू-सुनेच्या मध्ये शेजारीण पडली की होतं तेच. मी पहिला 'सा' लावला आणि अशी शिट्टी आली की देवळामागची कुत्री एका सुरात रडायला लागली. खरं सांगतो, त्यांचा सूर माझ्यापेक्षा पक्का होता.

त्यावर त्याने उपाय केला तो एकोचा. आपल्याकडच्या साउंडवाल्यांना एको म्हणजे फोडणी वाटते, भाजी बिघडली की अजून घाला. मी 'नमस्कार मंडळी' म्हटलं, आणि मंडळी… मंडळी… मंडळी… करत ते सातपुड्यापर्यंत जाऊन आलं.

शेवटी ढोलकीवाल्याने आणि मी स्वतः ट्रॅक्टर ढकलला, स्पीकर पार पुढे नेऊन लोकांकडे तोंड करून ठेवले. शिट्टी बरीच आटोक्यात आली. पण आता आमचा आवाज लोकांकडे जाणार आणि आम्हाला स्टेजवर ओ की ठो कळणार नाही. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला छोटा स्पीकर, कुठाय विचारलं तर साउंडवाला म्हणाला, "मॉनिटर शाळामा ऱ्हास."

ऐकू येत होती ती फक्त भुणभुण. मिक्सरची, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्राची, वायर सरपंचांच्या ओट्यावरच्या बोर्डात आणि कीबोर्डची देवळातल्या बोर्डात. दोन घरच्या अर्थिंगचं आपसात जमलं नाही की भाऊबंदकी वायरीतून वाहायला लागते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सूर साधारण पांढरी पाचचा, पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा. मी गातो काळी एकमध्ये, पहिल्या काळ्या पट्टीत. माझ्या षड्जाखाली, म्हणजे 'सा'खाली, रात्रभर त्याच्याशी न जमणारा तीव्र मध्यम धरून कोणीतरी बसलेलं. भजन म्हटलं तरी ते भुताटकीसारखं वाटावं, अशी ती जोडी. कीबोर्डवाला म्हणाला, "दादा, आपणच पांढरी पाचमध्ये गाऊ. विजेचा तानपुरा फुकट मिळतोय." दोन्ही वायरी एकाच बोर्डात घाल, एवढंच मी साउंडवाल्याला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने मान डोलावून बेस वाढवला.

सगळे असे नसतात, हेही सांगायला हवं. भुसावळकडच्या एका कार्यक्रमात एक म्हातारे काका होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "पट्टी कोणती?" मग प्रत्येकाला एकेकट्याने वाजवायला लावलं आणि स्वतः शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसून ऐकलं. त्या रात्री मी चांगला गातो असा माझाही समज झाला होता. काका आता निवृत्त झालेत. त्यांच्या मुलाने डीजे घेतलाय.

तर तिसऱ्या गाण्यात मिक्सरवर कोणीच दिसेना. मागे कपाशीच्या काड्यांवर बामणोदची हिरवी वांगी भाजली जात होती, त्या धुरात मला गळ्यातले हेडफोन दिसले. मिक्सरवर त्याने अकरा-बारा वर्षांचा भाचा बसवला होता आणि जाताना त्याला दीक्षा देऊन गेला होता: गाणं सुरू झालं की शिट्टी येते, तेव्हा हे बटण खाली ओढायचं, गाणं थांबलं की वर. हे आम्हाला त्या वेळी माहीत नव्हतं. पोरगं मात्र आज्ञाधारक. एका हातात पुरी, दुसरा हात बटणावर, नजर आमच्यावरून हटली नाही.

आम्ही जीव तोडून गात होतो. लोक मख्ख. पण दोन गाण्यांच्या मध्ये मात्र खो-खो हसत होते, एक आजोबा तर उपरण्याने डोळे पुसत होते. मला वाटलं, बाजूला कोणीतरी किस्से सांगत असणार. मध्यंतरी आमचं आपसात बोलणं चालूच होतं, आणि त्या रात्री बोलायला विषय एकच होता.

रात्री १० नंतर भोंगे बंद ठेवायचा नियम २००० सालचा आहे. सरकारने तो शेजाऱ्यांसाठी केला म्हणतात, मला तो गायकांसाठी केल्यासारखा वाटतो. दहाला पोलीस पाटलांनी हात वर केला आणि आम्ही सुटलो.

जेवताना सरपंच जवळ येऊन बसले. "गाणी ठीक होती. पण तुमचं बोलणं, वा! मोकळं बोलता राव." मी विनयाने मान खाली घातली. साउंडवाला वाढायला होता. त्याने ताईंना भरीत वाढलं, ढोलकीवाल्याला वाढलं, माझ्या पानात एक हिरवी मिरची ठेवून पुढे गेला. गर्दीत होतं असं, म्हटलं.

निघताना त्याने न मागता एक पेन ड्राइव्ह दिला. "मिक्सरमधून डायरेक रेकॉर्डिंग शे. घरी जाईसन आयका."

घरी बायकोला आणि पोरांना समोर बसवून लावलं. पाऊण तास ऑक्टोपॅड आणि पांढरी पाचची भुणभुण. माझं गाणं एक अक्षर नाही. मग गाणं संपतं, खट्ट असा आवाज होतो, आणि अगदी स्वच्छ, काचेसारखा, माझा आवाज येतो:

"याला मिक्सरवर कोणी बसवला रे? याला रावेरला केळीचे घड मोजायला बसवा… बसवा… बसवा…"