सिलिंडरमधलं २२ लिटर पाणी

गेला महिनाभर आमच्या फोंड्यातल्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर एकच निरोप फिरतो आहे: 'गोव्यात मॉड्युलर किचन करताय? आधी हे वाचा.' त्यातला मजकूर थोडक्यात असा. मरीन प्लाय घ्या, मग ओल, बुरशी, वाळवी काही बाधत नाही. भर पावसातही काम उरकून घ्या आणि चतुर्थीला पाहुण्यांना नवं किचन दाखवा. चिमणीच्या पाइपसाठी भिंत फोडू नका, कोळशाच्या फिल्टरची चिमणी तेच काम करते. सक्शन १२०० च्या खाली नको. ऑटोक्लीन घेतलीत की हात लावायला नको. स्टीलला लोहचुंबक लावून पाहा, चिकटला नाही तर माल अस्सल. शेवटी जोडलेले हात.

मावसबहिणीने मला तो दोनदा पाठवला, कारण माझ्याकडे सध्या हेच काम काढलेलं आहे. निरोपात कपाटं एकीकडे आणि चिमणी दुसरीकडे आहे, जणू दोघांचा काही संबंधच नाही. माझं भांडण मुख्यतः या फारकतीशी आहे, म्हणून चिमणीपासून सुरू करते.

आपला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. हिशेब शाळेतला आहे: ५८ ग्रॅम ब्यूटेन जळला की ९० ग्रॅम पाणी, ४४ ग्रॅम प्रोपेन जळला की ७२ ग्रॅम. म्हणजे किलोमागे दीड किलोहून अधिक. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत निदान २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात आलेलं असतं. सिलिंडर दीड महिना पुरवला तरी रोजचं अर्धा लिटर झालं. सकाळच्या पेजेची आणि उकड्या भाताची वाफ यात धरलेलीच नाही.

बिनपाइपची चिमणी या पाण्याचं काय करते? काहीच नाही. तिची जाळी तेलाचे कण अडवते, कोळसा काही महिने वास शोषतो, आणि वाफ, उष्णता, ज्वलनाचे वायू तुमच्याच डोक्यावर परत सोडले जातात. बांगडे तळल्याचा वास कमी आला म्हणून चिमणी चालते असं वाटतं. वाफ मात्र वरच्या कपाटांच्या तळाला आणि पाठीला जाऊन बसते. जुलैत बाहेरच्या हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असताना ती सुकणार कधी? भाड्याच्या घरात मालक भिंतीला हात लावू देत नसेल तर बिनपाइपची घ्या, माझी ना नाही. पण मग खिडकीत एक्झॉस्ट पंखा हवाच.

भिंत फोडणं हे नावाइतकं भयंकर नाही. चिऱ्याच्या भिंतीलाही कोअर कटिंगच्या यंत्राने गोल, स्वच्छ भोक पडतं. फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. खरी काळजी पुढे आहे. पाइप सहा इंचीच हवा, शक्य तितका आखूड, कोपरे एक किंवा दोन. तो बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवावा आणि तोंडावर झडपेची टोपी असावी. तोंड नैऋत्येला तर नकोच, नाहीतर जूनमध्ये वारा आणि पाऊस दोन्ही पाइपातून आत येतील. आमच्या आधीच्या फ्लॅटमध्ये बसवणाऱ्याने तयार भोक चार इंची आहे म्हणून पाइप तिथे आवळून टाकला. सहा इंचाचा चार केला म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं. चिमणी विमानासारखी आवाज करायची आणि धूर खिडकीतूनच जायचा. दोष मी दोन वर्षं मोटारीला देत होते.

आता सक्शनचा, म्हणजे हवा ओढण्याचा, १२०० चा आकडा. तो तासाला घनमीटरचा असतो, पण पाइप नसताना मोजलेला. दहा बाय आठ फुटांचं आणि दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण साडेबावीस घनमीटर. तासात वीसदा हवा बदलायची म्हटली तरी साडेचारशे पुरतात. पाइपाची आणि कोपऱ्यांची तूट धरून आठशे-हजार घ्या, मासळी रोज तळत असाल तर थोडं वर जा. १२०० वाईट नाही, पण चार इंची पाइपावर १२०० पेक्षा सहा इंचीवर आठशे बरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती बाहेर फेकते तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. पावसाची झड येते म्हणून आपण खिडक्या-दारं घट्ट लावतो आणि मग चिमणी ओढत नाही अशी तक्रार करतो. चिमणी शेगडीइतकी रुंद असावी आणि शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर वर. यावर निरोपात एक अक्षर नाही.

मरीन प्लायबद्दल निरोप अर्धा खरा आहे. आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेली प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. पण त्यातून मुख्यतः कळतं ते हे, की थरांमधला डिंक सुटत नाही. लाकूड पाणी पीतच नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून: सिंकसाठी पाडलेलं भोक, नळाच्या पाइपाची खाच, बिजागरीची छिद्रं. तिथे कड बंद केली नाही तर महागडी प्लायही फुगते. बुरशीला तर प्लायशी देणंघेणं नाही. लॅमिनेटवरचा तेलकट धुळीचा थर तिला पुरतो. वाळवी भिंतीतून मातीची नळी करत येते आणि बहुधा पाठच्या पातळ, स्वस्त फळीला पहिली लागते, जी मरीन आहे का हे कोणी विचारत नाही. म्हणून पाठ भिंतीला चिकटवू नये, बोटभर फट ठेवावी. खालची कपाटं चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभी करावीत आणि पुढची पट्टी काढता येईल अशी ठेवावी.

लोहचुंबकाची परीक्षा मात्र सपशेल चुकीची आहे. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक धरत नाही. स्वस्त २०२ मध्ये निकेलची जागा बरीचशी मँगनीज घेतं, आणि त्यालाही चुंबक धरत नाही! दर्जा बिलावर लिहून घ्या. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ३०४ वरही तपकिरी ठिपके येतात, पण ते पुसून जातात. २०२ च्या टोपल्या आणि बिजागऱ्या तेवढ्या सहजासहजी वठणीवर येत नाहीत.

ऑटोक्लीन म्हणजे उष्णतेने तेल वितळून वाटीत जमतं. वाटी तुम्हीच रिकामी करायची.

राहता राहिला चतुर्थीचा मुहूर्त. ऑगस्टमध्ये भिंत आतून ओली असते, प्लाय दमट हवा प्यालेली असते, आणि त्यावर घेतलेली मापं जानेवारीत दारांच्या फटी होऊन दिसतात. मी मेस्ताला, म्हणजे आमच्या सुताराला, घाई केली तेव्हा तो म्हणाला, "बाय, पावस सोंपूं दी, मागीर लावया." ऐकलं त्याचं. चतुर्थीला नेवऱ्या जुन्याच ओट्यावर तळल्या, खिडकी सताड उघडी ठेवून. मावसबहीण आली होती. नवं किचन कुठे आहे, असं तिने विचारलंच. भिंतीवर पेन्सिलीने काढलेलं सहा इंची वर्तुळ मी तिला दाखवलं.