'मुलींचं शिक्षण मोफत' : मेसेजमध्ये गाळलेल्या अटी

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरतो : 'महाराष्ट्रात मुलींचं उच्च शिक्षण पूर्ण मोफत. कुठल्याही कॉलेजात प्रवेश घ्या, एक रुपयाही भरू नका, सगळं आपोआप होतं.' शासन निर्णय खरा आहे, ८ जुलै २०२४चा, आणि चांगलाही आहे. पण मेसेज त्याच्या अटी गाळतो, आणि त्या कळेपर्यंत प्रवेशाची मुदत संपलेली असते.

'कुठल्याही कॉलेजात' हे सगळ्यांत घातक. सवलत कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचे, म्हणजे कॉलेजने स्वतः दिलेले, प्रवेश त्यात बसत नाहीत. घोळ इथे होतो : कॅपमध्ये मेकॅनिकल मिळतं, आणि कोणीतरी सांगतं, 'ती जागा सोडा, इथेच कॉम्प्युटर देतो.' कॉलेज तेच, वर्ग तोच, पण जागा संस्थास्तरावरची झाली की फी घरातूनच भरायची. म्हणून पैसे भरण्याआधी 'हा प्रवेश कॅपमधून की संस्थास्तरावर?' हे स्पष्ट विचारा आणि अलॉटमेंट लेटर जपून ठेवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही योजनेबाहेर आहेत. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. साधं बीए, बीकॉम या निर्णयात नाही.

'सगळ्या मुलींना' हेही खरं नाही. निर्णय ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींसाठी आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, पगाराची स्लिप चालत नाही. एससी, एसटी मुलींच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांनी त्यातूनच अर्ज करावा.

'एक रुपयाही नाही'? माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च राहतोच, तेव्हा कॉलेजकडून फीचा तपशील बाबवार लिहून मागा. मात्र पात्र मुलीकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क मागितलं, तर शासन निर्णयाची प्रत दाखवून ठाम राहा. तिथे मुळीच संकोच करू नका.

राहिलं 'आपोआप'. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर अर्ज विद्यार्थिनीनेच भरायचा असतो, तोही दरवर्षी. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण. अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुधा बँकेपाशी. पासबुकाच्या केवायसीला आधार दिलं म्हणजे खातं डीबीटीसाठी, म्हणजे शासनाचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलं गेलं असं नाही. त्यासाठी एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे सीडिंग, म्हणजे आधार त्या बँकेशी जोडल्याची नोंद, व्हावं लागतं, आणि पैसे शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं तिथेच जातात. मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तुम्ही वापरत असलेल्या खात्याच्या बँकेचं नाव आणि पुढे 'ॲक्टिव्ह' दिसत नसेल, तर अर्ज भरण्याआधीच शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्या.