‘पोटदुखी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लालबागच्या आमच्या चाळीसमोर, जुन्या कापड गिरणीच्या जागेवर झालेल्या नव्या टॉवरबद्दल मी नाराजीनं लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "ही चाळकऱ्यांची पोटदुखी आहे. टॉवरमुळे तुमच्याच खोल्यांचा भाव वाढला. गिरणीची जागा मालकाची, तो वाटेल ते बांधेल."

पोटदुखी थोडी आहेच. तिकडे गच्चीवर पोहायचा तलाव आणि इकडे आम्ही पहाटे साडेचारला उठून पिंपं भरतोय, म्हटल्यावर दुखणारच की! भावाचं म्हणाल तर आमची खोली पागडीची, म्हणजे राहायचा हक्क आमचा, पण मालकी घरमालकाची. विकली तर आधी घरमालकाचा वाटा, उरलेल्या पैशांत लालबाग विसरा, बदलापूरच्या जाहिराती बघा.

एक मात्र तुमचं बरोबर. गल्लीत सगळेच नाराज नाहीत, हे मी लिहायला हवं होतं. आमच्या मजल्यावरची दोन पोरं तिथेच सिक्युरिटीत लागली, तळमजल्यावरच्या मावशींना पोळ्यांची चार कामं मिळाली.

पण ‘जागा मालकाची’ हे इतकं सरळ नव्हतं हो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे: एक पालिकेला, मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला, घरांसाठी, तिसरा मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी उरली फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन, म्हणजे खरा लोण्याचा गोळा, वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. कायद्याने विषय संपला, मान्य. पण माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संपावर गेले ते परत कामावर गेलेच नाहीत. त्यांच्यासमोर ‘जागा मालकाची’ म्हणायची माझी अजून हिंमत होत नाही.

आणि उंचीवर माझा राग नाही. उन्हाचं सांगतो. आई दरवर्षी गॅलरीत उडदाचे पापड घालते. पूर्वी संध्याकाळपर्यंत ऊन असायचं, आता अडीचलाच सावली. यंदा तिने शोधून काढलं की मागच्या दुसऱ्या एका टॉवरच्या काचांवर आपटून उन्हाचा एक पट्टा जिन्यापाशी पडतो, जेमतेम अर्धा तास. साडी, पापड, सगळा पसारा ती तिथे हलवते. शेजारच्या काकूंच्या कुरडयाही तिथेच असतात, आणि त्या पट्ट्यावरून परवा दोघींची चांगलीच जुंपली.